जुन्या स्विफ्टवर छत्तीस हजार: दहा महिने आणि एका पावसाळ्यानंतर

गाडी २०१४ची स्विफ्ट, पेट्रोल, ११९७ सीसी. मी दुसरा मालक. डिचोली ते पणजी रोजची ये-जा आणि महिन्या-दीड महिन्याने चोर्ला घाटातून बेळगाव, कारण मावशी तिथे असते. गेल्या नोव्हेंबरात मनात आलं, गाडीत जरा दम आणूया. पस्तीस हजार बाजूला काढले, छत्तीस गेले. त्यातले साडेचार हजार पाण्यात गेले, तेच आधी सांगतो.

ते गेले धुऊन पुन्हा वापरायच्या कापडी एअर फिल्टरवर. पहिल्या दिवशी वाटलं, काय पळतेय! खरं तर फक्त आवाज बदललेला. पाय दाबला की बॉनेटखालून घुर्र होतं आणि कान फसतात. केरीहून घाट चढताना आधी ज्या वळणावर तिसऱ्या गिअरमधून दुसऱ्यात यावं लागायचं, तिथेच नंतरही आलो. कागदी फिल्टर स्वच्छ असेल तर या इंजिनाला हवा कमी पडतच नाही, मग जास्तीची देऊन होणार काय? त्यात आमच्याकडे खाणीच्या ट्रकांची लाल धूळ. काढा, धुवा, वाळवा, मोजून तेल लावा. दोन रविवार असे गेल्यावर साध्या कागदी फिल्टरवर परत आलो.

मेस्ताने, म्हणजे आमच्या मेकॅनिकने, आधीच सांगितलं होतं, "पयलीं टायर पळय, मागीर पावर." आधी टायर बघ, मग पॉवर. मी ऐकलं नव्हतं.

टायर पाहिले तर खाच बऱ्यापैकी शिल्लक, म्हणून मी निश्चिंत. त्याने खाली बसून कडेवरचे चार आकडे दाखवले: २३१७. म्हणजे २०१७च्या तेविसाव्या आठवड्यातला माल. नख रोवून पाहिलं, रुतेना. रबराचा दगड झालेला.

मूळ माप १६५/८० आर १४, म्हणजे रुंदी १६५ मिलिमीटर, टायरची उंची रुंदीच्या ८० टक्के आणि रिम १४ इंची. त्याच रिमवर १८५/७० आर १४ घेतले. रुंदी २० मिलिमीटरने वाढली, पण चाकाचा व्यास जेमतेम ५ मिलिमीटरने कमी झाला, त्यामुळे स्पीडोमीटर फारसा खोटं बोलत नाही. अलॉय रिम घेऊन १५ इंचीला जायचा मोह होता, पण रिमच्या पैशांत ब्रेक आणि शॉकअबचं (शॉक अ‍ॅब्सॉर्बरचं) काम निघत होतं. चार टायर १९,२००, अलाइनमेंट-बॅलन्सिंग १,०००. जूनमध्ये पहिल्याच मोठ्या सरीत म्हापशाच्या बाजूला समोर कदंब बस थांबली आणि मी दाबला ब्रेक. जुन्या टायरांवर अशा वेळी एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नसलेली ही गाडी चाकं लॉक करून सरळ घसरायची. या वेळी नाक खाली घालून उभी राहिली. मागे बसलेल्या आईला काही कळलंही नाही, ती फोनवर बोलत राहिली.

तोटेही आहेत. पार्किंगमध्ये स्टिअरिंग थोडं जड लागतं आणि मायलेज माझ्या हिशेबाने लिटरला पाऊण किलोमीटरने उतरलं.

दुसरं काम ब्रेकचं: पुढचे पॅड आणि नवं ऑइल, ३,४००. जांबोटीहून येताना चोर्ल्याचा उतार लागला की मी तिसऱ्यातच राहून ब्रेकवर पाय ठेवून यायचो, आणि खालच्या वळणांपर्यंत पेडल स्पंजासारखं व्हायचं. मला वाटायचं पॅड झिजले. मेस्ताने ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण उघडलं, ऑइल चहाच्या रंगाचं. हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट ४ या प्रतीच्या ब्रेक ऑइलचा कोरा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, पाणी मुरलं की तीच हमी १५५वर येते. घाटात कॅलिपर (पॅड दाबणारे भाग) तापले की ऑइल उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात, आणि पाय दाबतो ते बुडबुड्यांना. गोव्याच्या दमट हवेत दोन वर्षांची मुदत मी आता ताणत नाही. पेडल परत कडक आहे. अर्थात उतारावर आता मी दुसऱ्यातच असतो, ती अक्कल फुकट मिळाली.

मागचे दोन्ही शॉकअब गळत होते. ते, आणि पुढच्या सस्पेन्शनमधले लिंक रॉड आणि लोअर आर्मचे बुश मिळून ७,९००. गतिरोधकावरची खडखड गेली हे तर झालंच, पण वळणावर गाडी आधी कलून मग वळायची, ती आता एकदमच वळते. रुंद टायरांचा खरा फायदा कळला तोही इथेच. शॉकअब गळके असते तर टायरांचे निम्मे पैसे वाया गेले असते. शॉकअबचा निकाल आईने दिला: बेळगावहून आल्यावर कमरेला बाम लावला नाही.

इंजिनाला हात लावला नाही. रीमॅपचे, म्हणजे इंजिनाच्या संगणकातली सेटिंग बदलून घ्यायचे, भाव विचारले होते. टर्बो नसलेल्या एवढ्याशा इंजिनात त्या पैशांत मिळणार दोन-चार अश्वशक्ती. मूळ इंजिनच सत्त्याऐंशीच्या आसपासचं, कुठे जाणवणार? थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये साफ करून घेतली, गाडी उभी असतानाचं इंजिनाचं थरथरणं तेवढ्यानेच थांबलं. भाच्याचा आग्रह मोठ्या सायलेन्सरसाठी आणि खाली बसवायच्या स्प्रिंगांसाठी. आमच्या वाड्यातले गतिरोधक पाहून स्प्रिंगांचं उत्तर त्याला मिळालं. सायलेन्सरवर अजून रुसलेला आहे.

साडेअकरा हजार किलोमीटर झाले. टायर पुढे-मागे एकदा बदलून लावले, झीज सारखी आहे. चवथीला (गणेश चतुर्थीला) चार माणसं आणि माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीचं, सामान भरून गाडी खाली टेकली नाही. मागच्या ड्रममधून पावसात सकाळी पहिल्या दोन ब्रेकांना किर्र असा आवाज येतो, रात्रभरात धरलेल्या गंजाचा. तिसऱ्या ब्रेकला जातो, म्हणून तसाच ठेवलाय. फिल्टर माळ्यावर खोक्यात आहे. निम्म्या किमतीला कोणी घेईना.