आरशासमोरचं वाक्य की वीस मिनिटांचं ध्यान?

स्वतःच्या शरीरावरची नाराजी कमी व्हावी म्हणून दोन उपाय हमखास सुचवले जातात. एक, आरशासमोर उभं राहून 'मी सुंदर आहे' म्हणायचं, म्हणजे स्वयंसूचना. दुसरा, स्व-करुणेचं ध्यान. मी दोन्ही केलेत. स्वयंसूचना आधी, चांगली तीन महिने.

ती सोयीची आहे हे खरंच. केस विंचरता विंचरता होते. पण माझं वाक्य संपायच्या आत आतून उत्तर यायचं. 'मी सुंदर आहे.' 'हो? मग लग्नात मावशी काय म्हणाली?' मावशी चारचौघांत म्हणाली होती, "किती सुटलीस गं!" मग दंड, पोट, हनुवटी, एकेक पुरावा समोर यायचा. रोज सकाळी हाच खटला. मला वाटायचं, मलाच जमत नाही. पुढे वाचनात आलं, की कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये नेमकं हेच दाखवलं होतं: आत्मसन्मान मुळात कमी असलेल्यांना अशी वाक्यं म्हणून उलट जास्त वाईट वाटतं. ज्यांचा स्वतःवर विश्वास आहे, त्यांना ती मानवतही असतील.

ध्यानात सुंदर असल्याचं कबूल करावं लागत नाही, म्हणून वादच उभा राहत नाही. स्व-करुणेवर संशोधन करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांच्या मांडणीत तीन गोष्टी येतात: स्वतःशी मायेनं वागणं, हे दुःख आपल्या एकटीचं नाही हे ओळखणं, आणि जे वाटतंय ते न वाढवता, न दडपता पाहणं. पायापासून डोक्यापर्यंत लक्ष नेताना मी दंडापाशी अडकायचे. ब्लाउजच्या तंग बाहीचा लाल वळ तिथे संध्याकाळपर्यंत राहायचा. एकदा त्या वळावर तळहात ठेवून नुसती बसले, आणि शिवणाऱ्या काकू आठवल्या. बाही उलटून त्या म्हणाल्या होत्या, "आत माया ठेवलीय, उसवून देते." त्या दिवशी बऱ्याच काळानं दंडाला शिवी न देता उठले.

अल्बर्टसन, नेफ आणि सहकाऱ्यांच्या २०१५ मध्ये छापलेल्या अभ्यासात २२८ स्त्रिया होत्या. तीन आठवडे ध्वनिमुद्रित ध्यान ऐकणाऱ्यांची शरीराबद्दलची नाराजी आणि लाज, प्रतीक्षायादीतल्या, म्हणजे अजून ध्यान सुरू न केलेल्या स्त्रियांपेक्षा जास्त घटली. तीन महिन्यांनीही फरक टिकून होता. अर्थात ही तुलना स्वयंसूचनेशी नव्हती, त्यामुळे माझा कौल अनुभवावरचाच समजा.

ध्यानाला वेळ लागतो. घरात माणसं असली की वीस मिनिटं मिळणं कठीण, आणि पहिल्या आठवड्यात मला नुसतं रडू यायचं. उपाशी राहणं किंवा खाऊन उलटी काढणं सुरू असेल, तर या दोहोंवर विसंबू नका, आधी डॉक्टरांना भेटा. नाहीतर मी ध्यानच सुचवेन. नेफ यांची ध्यानं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, पण इंग्रजीत. मी त्यातली वाक्यं मराठीत करून फोनवर माझ्याच आवाजात भरून घेतली. दुपारी जेवणं आटोपली की दार लोटून तेच ऐकते.