शेवटचा रकाना कापलेलं ‘भविष्यातलं राज्य’

मजकुराला चार तारे, छपाईला अर्धा.

पुस्तक जर्मन आहे, ‘डेर त्सुकुन्फ्ट्सश्टाट’, म्हणजे ‘भविष्यातलं राज्य’. लेखक कार्लिस बालोदिस, जर्मनीत कार्ल बालोड. मागणीनुसार छापून देणाऱ्या एका कंपनीकडून लेकीनं मागवून दिलं. कव्हर गुळगुळीत, पण आतल्या तक्त्यांचा शेवटचा रकाना कडेला कापला गेलाय. कादंबरीत चार शब्द गेले तर चालून जातं हो, इथे शेवटचा रकाना म्हणजे बेरीज!

बालोदिस 1864 मध्ये लाटवियात, दौगावा नदीकाठच्या कोकनेसेला जन्मला. शिकला धर्मशास्त्र, काही काळ उरलमध्ये पाद्री होता आणि शेवटी बर्लिनमध्ये आकडेमोडीत रमला. 1898 मध्ये हे पुस्तक ‘अटलांटिकस’ या टोपणनावानं आलं, समाजवादी विचारवंत काउत्स्कीच्या प्रस्तावनेसह. माझ्याकडची 1919 ची वाढवलेली आवृत्ती. त्याच सुमारास तो रीगाच्या विद्यापीठात प्राध्यापक झाला, पुढे लाटवियाच्या संसदेतही गेला.

समाजवादाची स्वप्नं पुष्कळांनी रंगवली. या गृहस्थाचा प्रश्न साधा आहे: सगळ्यांना पुरेल एवढं पिकवायला आणि बनवायला नक्की किती माणसं लागतील? मग खत, यंत्रं, धान्य, दूध, कापड, सगळ्याचा हिशोब. मोठी सरकारी शेतं, उत्तम अवजारं. तरुणपणी ठराविक वर्षं सक्तीचं काम, पुढे माणूस मोकळा. लेनिननं 1921 मध्ये याची दखल घेतली, पण भांडवलशाही जर्मनीत ही योजना हवेतच लटकली असंही म्हटलं.

माझी नोकरी पीककापणी प्रयोगांत गेली. 10 बाय 5 मीटरचा तुकडा आखायचा, कापायचा, मळायचा, वजन करायचं आणि त्यावरून पिकाचा उतारा काढायचा. त्यामुळे खटकलं ते असं, की बालोदिस चांगल्यात चांगल्या शेताचा उतारा सगळ्या देशाला लावतो. विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावरचा गहू आणि शेजारच्या गावातला गहू यांतलं अंतर मी बांधावर उभं राहून पाहिलंय. तरी माणूस प्रामाणिक, गृहीतकं लपवत नाही. म्हणून तर भांडता येतं.

कंपनीला फोटो पाठवले. ‘मूळ प्रतच तशी आहे’ असं उत्तर आलं. धादांत खोटं, छापताना पान सरकलंय, डावीकडे दोन बोटं कोरी जागा आहे. आता रोज दुपारी आडव्या ओळी बेरजून शेवटचा रकाना पेन्सिलनं भरतोय.