नव्या ट्रकची एसी केबिन: ड्रायव्हर सीटवरून

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण आता कुठलीही नवी गाडी घेतली तरी एसी येणारच. 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरच्या प्रत्येक मालट्रकच्या केबिनला तो सक्तीचा झालाय. मालकाने नवी दहाचाकी माझ्या हाती दिली, त्यावर हे लिहितोय.

चालत्या गाडीत एसी उत्तम आहे. मे महिन्यात अकोल्याकडे बाहेर 45 अंश असतात. त्यात इंजिन बुडाखाली, बॉनेटची धग पोटऱ्यांना सतत लागते. आधीच्या गाडीत खिडकी उघडली की गरम वारा आणि धूळ, बंद केली की भट्टी. दुपारी तीननंतर डोकं जड व्हायचं, समोरचा ब्रेक मारतोय हे डोळ्याला दिसायचं पण पाय उशिरा हलायचा. नव्या गाडीत संध्याकाळीही पाय जागेवर असतो. ज्यांना हे चोचले वाटतात त्यांनी भरलेली गाडी घेऊन एक दुपार काढावी.

पण मला खरा फायदा पावसात कळला. कसारा घाटात धुकं आणि पाऊस एकत्र आले की काच आतून धुरकटते. क्लीनर फडकं घेऊन पुसत बसायचा आणि तेवढ्यात वळण यायचं. आता हवेचा झोत काचेवर सोडला की ती झटकन साफ होते. एसीबद्दल बोलताना हे कुणी सांगतच नाही.

भरल्या गाडीला चढावर मात्र इंजिनवरचा भार जाणवतो, तेवढ्यापुरता मी बंद करतो. आणि आतलीच हवा फिरवत ठेवू नका. काचा बंद, केबिनमध्ये दोघं, म्हटल्यावर थोड्या वेळात पेंग येते. बाहेरची हवा आत घेणारं बटण अधूनमधून दाबायचंच.

आता जिथे हे सगळं अडतं ते सांगतो. हा एसी इंजिनवर चालतो. ढाब्यावर गाडी लावली, चावी फिरवली, की संपलं. म्हणजे ज्या तासांत झोप व्हायला हवी, त्या तासांत केबिन पुन्हा तापते. इंजिन चालू ठेवून झोपायचं तर डिझेल जळतं, आणि धूर आत शिरला तर जीवावर बेततं. ते कुणीही करू नये. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला 8 तास काम आणि सलग 5 तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती लिहिलेली होती. ती विश्रांती घ्यायची कुठे, तर याच केबिनमध्ये. बॅटरीवर चालणारे पार्किंग एसी बाजारात आहेत, सक्ती त्यांचीही व्हायला हवी होती असं माझं ठाम मत आहे.

दुसरी अडचण मालकांची. अॅव्हरेज पडतं म्हणून एसी लावायचाच नाही, अशी ताकीद मिळालेले ड्रायव्हर मला रोज भेटतात. नियम बसवण्यापुरता आहे, चालू ठेवण्याबद्दल त्यात काही नाही. माझा मालक समजूतदार आहे, त्याने डिझेलचा हिशेबच एसी धरून लावला.

चालत्या गाडीसाठी पाचपैकी साडेचार. उभ्या गाडीसाठी शून्य. नवी गाडी घेणाऱ्या मालकांनी बुक करतानाच पार्किंग एसीची चौकशी करावी, आणि धुळीच्या रस्त्यावर गाडी असेल तर केबिन फिल्टर प्रत्येक सर्व्हिसिंगला उघडून बघायला सांगावं.