होम लोनवरचं टॉप-अप: चार वर्षं हप्ते भरल्यावर लिहितेय

चार वर्षांपूर्वी आम्ही चालू होम लोनवर टॉप-अप, म्हणजे त्याच घराच्या तारणावर वाढीव कर्ज, घेतलं. बँकेचं नाव लिहीत नाही, कारण हे प्रॉडक्ट बहुतेक सगळीकडे असंच चालतं आणि आमचं जे झालं त्यात बँकेपेक्षा आमच्या खर्चाचा वाटा मोठा होता. ५ पैकी २ स्टार देतेय, एक व्याजदर खरंच कमी आहे म्हणून आणि एक काम पटकन झालं म्हणून, घराचे कागद आधीच त्यांच्याकडे असतात त्यामुळे आठवड्याभरात पैसे खात्यात आले.

घेतलं का, तर क्रेडिट कार्डांची बाकी फेडायला. आमच्या घरात उधळपट्टी म्हणावी असं काही नव्हतं हो, फोन बदलला, सोफा घेतला, फ्रीज मोठा घेतला, दोनदा फिरायला गेलो, सगळं हप्त्यावर, आणि एकेक हप्ता एवढासा की त्याचं काही वाटायचंच नाही. सगळ्या हप्त्यांची बेरीज मात्र आम्ही दोघांनी एकदाही केली नव्हती. मग कार्डाचं मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान भरायची रक्कम, तेवढीच भरणं सुरू झालं. महिना ३ टक्के व्याज म्हटलं की आपण वर्षाचे ३६ धरतो, चक्रवाढीने ते ४२ च्या वर जातं. आणि दर महिन्याला बाकीच्या ५ टक्के एवढंच मिनिमम भरत राहिलात तर नवीन एक पैसाही खर्च न करता बाकी निम्म्यावर यायला ३२ महिने लागतात. हे मी नंतर वहीत मांडून बघितलं, तेव्हा बघायला हवं होतं.

अशा वेळी बँकेतला माणूस म्हणतो की मॅडम कार्डं क्लोज करा, साडेनऊ टक्क्यांनी टॉप-अप घ्या, एकच हप्ता राहील. ऐकायला इतकं बरं वाटतं! दर खरंच चौथाई होतो, पण मुदत मूळ लोनएवढी, आमच्या बाबतीत १५ वर्षं. साडेनऊ टक्क्यांनी १५ वर्षांत शंभराचे जवळजवळ १८८ भरावे लागतात, आणि तेच शंभर ३ टक्के महिन्याच्या कार्डावर ठेवून दीड वर्षात नेटाने फेडले असते तर १३१ च्या आसपास गेले असते. अर्थात तेवढा मोठा हप्ता आम्हाला झेपला नसता हेही खरं, पण मुदत निम्मी करून मागता आली असती, आम्ही विचारलंच नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

दुसरी गोष्ट याहून वाईट. कार्डाचं कर्ज विनातारण असतं, थकलं तर फोन येतात, क्रेडिट स्कोअर पडतो, प्रकरण कोर्टातही जातं, पण त्यासाठी घर गहाण नसतं. टॉप-अप घेतलं की त्याच सोफ्याचं आणि फ्रीजचं कर्ज घरावर चढतं. आणि कार्डं शून्यावर आली होती ना, ती आम्ही बंद केली नाहीत, दीड वर्षात परत भरली. मग नवऱ्याचा ओव्हरटाइम थांबला, आणि आम्ही जी चूक केली ती खूप लोक करत असणार असं वाटतं म्हणून मुद्दाम लिहितेय. कार्डवाले रोज फोन करायचे म्हणून आधी त्यांना भरलं, आणि होम लोनवाले शांत होते म्हणून त्यांचे दोन हप्ते चुकवले. जो सगळ्यात कमी ओरडतो त्याच्याकडेच घर गहाण असतं, हे डोक्यातच आलं नाही.

बँकेच्या भाषेत फोरक्लोजरचे दोन अर्थ आहेत, मुदतीआधी कर्ज फेडून बंद करणं आणि थकलं म्हणून घर ताब्यात घेऊन विकणं. पहिला अर्थ आम्ही कागद करताना ऐकला होता, दुसरा थकलेल्या हप्त्यांची नोटीस आल्यावर कळला. ९० दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, धरलं जातं आणि तिथून पुढे वसुलीची नोटीस, ताबा, लिलाव हा रस्ता सुरू होतो.

टॉप-अप आपली उशी, म्हणजे घराची किंमत आणि उरलेलं कर्ज यांतला फरक, खाऊन टाकतं हेही कोणी सांगत नाही. ९ टक्क्यांच्या २० वर्षांच्या लोनमध्ये पहिल्या हप्त्याच्या शंभरातले ८३ व्याजात जातात, आणि पाच वर्षं नियमित भरूनही मुद्दल शंभरातलं ८८ च्या वर उरलेलं असतं. जे थोडं फिटलं होतं तेही आम्ही टॉप-अपने परत उचललं. अमेरिकेत २००६ नंतर घरांच्या किमती पडल्या तेव्हा घरावर वाढीव कर्ज काढून खर्च केलेल्या कितीतरी लोकांवर घराच्या किमतीपेक्षा जास्त कर्ज निघालं, म्हणजे विकूनही सुटका नाही.

आम्ही वाचलो ते तिसरा हप्ता चुकायच्या आधी शाखेत जाऊन बसलो म्हणून. गाडी विकली, थकलेलं भरलं, मुदत वाढवून हप्ता कमी करून घेतला, कार्डं या वेळी लेखी देऊन बंद केली. शाखेतल्या एका बाईंनी नीट समजावलं की अगदीच जमत नसेल तर लिलावाची वाट न बघता घर स्वतः विका, लिलावात बहुतेक वेळा भाव कमी येतो, देणं वजा जाऊन उरेल ते तुमचंच असतं. हे टॉप-अप देताना सांगितलं असतं तर तिसरा स्टार दिला असता.

घर दुरुस्ती किंवा आजारपणासाठी, छोट्या मुदतीचं, हप्ता आधीच मांडून घेत असाल तर टॉप-अप वाईट नाही. घरखर्चाची भोकं बुजवायला घेऊ नका, प्लीज.

गेल्या महिन्यात मला मेसेज आला, तुमच्यासाठी प्री-अप्रूव्ड टॉप-अप तयार आहे. नवऱ्याला न दाखवता डिलीट करणार होते, पण दाखवला, आणि दुसऱ्या दिवशी दोघं जाऊन असे मेसेज बंद करायचा अर्ज देऊन आलो.