हायवेवरची बेकरी, क्रॉसाँसाठी थांबाच

लाँग ड्राइव्हला निघालं की मी जेवायची जागा नाही, आधी बेकरी शोधते आणि ही सापडली ती निव्वळ वासामुळे, गाडीची काच खाली होती म्हणून! क्रॉसाँ (बटरचे थर देऊन भाजलेला पापुद्र्यांचा पाव) एक नंबर, हातात एकदम हलका, चावला की कुरकुर आणि पापुद्रे थेट सीटवर, आत मस्त जाळी पडलेली. बटर खरं आहे हे लगेच कळतं, ते ३२-३५ डिग्रीलाच, म्हणजे तोंडातच विरघळतं ना, खरं नसेल तर टाळूला मेणचट थर राहतो. केक मात्र कोरडे, सोडून द्या. ब्रेड गरम मिळाला तर पिशवीचं तोंड उघडं ठेवा, वाफेने वरचं कवच मऊ पडतं, माझं पडलंच. सकाळीच गाठा, दुपारी ट्रे रिकामे असतात.