मळीच्या टाकीवर रडार: रोपवाला की वरून बघणारा?

साखर कारखान्याच्या मळीच्या टाकीला लेव्हल (पातळी) मोजायला रडारच लावायचा हे ठरलं, की दोन नावं उरतात: टाकीत सोडलेल्या धातूच्या दोरीवरून (रोप प्रोब) लाट पाठवणारा गाइडेड वेव्ह आणि वरूनच लाट सोडणारा ८० गिगाहर्ट्झचा नॉन-कॉन्टॅक्ट. मळीकडून दोन्हींना एको, म्हणजे परतलेली लाट, चांगला येतो. कॅटलॉगमधले अचूकतेचे मिलिमीटर मोजून इथे काही ठरत नाही.

रोपमध्ये लाट दोरीला धरून उतरते, म्हणून आतली शिडी किंवा हीटिंग कॉइल दोरीपासून पुरेशी दूर असली की आड येत नाही. फेस असला तरी खालची पातळी तो बऱ्याचदा धरतो. त्रास आहे तो मळीच्या चिकटपणाचा. दोरीभर पातळ, सारखा थर बसला तर एको थोडा कमजोर होतो, एवढंच. पण नॉझलच्या (रडार बसतो त्या छपरावरच्या पाइपच्या) तोंडाशी वाळलेल्या मळीचा गोळा धरला, की ट्रान्समीटर त्यालाच पातळी समजतो: टाकी अर्धी आणि डिस्प्लेवर काठोकाठ. मग दहा मीटर दोरी, टोकाचं वजन आणि सगळा चिकटा छपरावरून वर ओढायचा. दोरी दुमडली तर पुन्हा सरळ लटकत नाही. ऐन गळीत हंगामात या कामाला माणसं मिळवणं कठीण, आणि माझं मत रोपवरून फिरलं ते इथेच.

८० गिगाहर्ट्झचा मळीला शिवतच नाही. ८० मिमी अँटेनाचा बीम साधारण ४ अंशांचा, म्हणजे दहा मीटरवर ७० सेंमीचा ठिपका. तेवढ्याच हॉर्नचा (भोंग्यासारख्या अँटेनाचा) २६ गिगाहर्ट्झवाला तिथे पावणेदोन मीटर पसरतो. मात्र अरुंद बीमला ओळंबा नेमका लागतो. शंकूच्या छपराला बऱ्याचदा १:१६ उतार असतो आणि फॅब्रिकेटर नॉझल छपराला काटकोनात जोडून मोकळा होतो. बीम ३.६ अंश कलला, दहा मीटरवर ६२ सेंमी सरकला. परतीचा एको तर दुप्पट कोनात भलतीकडे जातो. स्विव्हल फ्लँज (कोन फिरवता येणारी जोडचकती) घ्या आणि स्पिरिट लेव्हल लावूनच बोल्ट आवळा. जागा मध्यभागी नको, इनलेटच्या धारेवर नको. भिंतीपासून व्यासाच्या साधारण एक-षष्ठांश आत ठीक. नॉझलच्या आतला वेल्ड घासून सपाट करा. खोट्या एकोंचं मॅपिंग (ते नोंदवून पुढे दाबून टाकणं) टाकी रिकामी असताना करा; भरलेल्या टाकीत पूर्ण अंतराचं केलं तर मळीचाच एको दाबला जातो. केबल ग्लँड (केबल आत शिरते ती जागा) खाली तोंड करून, केबलला झोळ देऊन. आपल्या पावसाला ग्लँडमधली एवढीशी फट पुरते.

याचं दुखणं म्हणजे दाट फेस. साठवणीत मळी तापून फेसाळली की एको फेसातच जिरतो, नाहीतर फेसाचा माथाच पातळी म्हणून दिसतो. हाय लेव्हल स्विच (टाकी भरत आली की इशारा देणारा) म्हणूनच वेगळा हवा. तो रोपच्या टाकीलाही हवाच.

सतत फेसाळणारी टाकी असेल तर मीही बहुधा रोपच सुचवेन; फक्त नॉझल आखूड आणि रुंद करून घ्या, आणि दोरी सरळ वर काढता येईल एवढी मोकळी जागा छपरावर सोडा.