अंगणातली जुनी तेलाची टाकी: काढून टाकावी की जागीच बुजवावी?

न्यू जर्सीत जुनं घर घेताना आपली मंडळी शाळा बघतात, स्टेशन किती लांब ते बघतात, छप्पर कधी बदललं ते विचारतात. जमिनीखालच्या टाकीचा विषय मात्र राहून जातो. १९७० च्या आधीची कितीतरी घरं तेलावर तापायची आणि तेलाची लोखंडी टाकी अंगणात पुरलेली असायची, बऱ्याचदा ५५० गॅलनची, म्हणजे सुमारे २,०८० लिटरची. पुढे गॅस आला, टाकी तिथेच गंजत राहिली. भिंतीलगत विनाकारण उभा असलेला व्हेंट पाइप (टाकीतली हवा बाहेर सोडणारी नळी) किंवा बेसमेंटच्या भिंतीत कापून सोडलेल्या तांब्याच्या नळ्या दिसल्या, तर होम इन्स्पेक्शनसोबत टँक स्वीप, म्हणजे पुरलेल्या टाकीचा यंत्राने शोध, करून घ्याच.

टाकी सापडली की वाटा दोन. दोन्हींना टाउनचं पर्मिट लागतं आणि दोन्हींत टाकी आधी रिकामी करून आतून साफ करावी लागते: उरलेलं तेल आणि तळचा गाळ उपसायचा, वाफ बाहेर काढायची, मगच पत्रा कापायचा. हे काम परवानाधारक माणसांचंच. तेलाच्या वाफेत ठिणगी पडली तर स्फोट होतो, आणि बंद टाकीत उतरलेला माणूस गुदमरू शकतो. तेलावरच वाळू ओतून 'बुजवली' म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका.

काढायची असेल तर खोदण्याआधी ८११ या खोदण्याआधीच्या चौकशीच्या नंबरला फोन करून गॅस-विजेच्या लाइन्स आखून घेतात. टाकी वर आली की टाउनचा इन्स्पेक्टर ती बघतो, आणि खड्डा उघडा असल्यामुळे खालच्या मातीचा रंग, वास, नमुना, सगळं समोर येतं. हिरवळ उखडते, कधी ड्राइव्हवे फुटतो.

बुजवताना साफ टाकीत वाळू, फोम किंवा पातळ काँक्रीट भरतात. टाकी पायाला खेटून किंवा वाढवलेल्या खोलीखाली असेल, तर हाच मार्ग शहाणपणाचा, कारण खोदकामाने पाया हलू शकतो. पण खालची माती दिसत नाही. टाकीलगत किंवा तळाला भोक पाडून नमुने घेतले नाहीत, तर हातातला कागद टाकी भरल्याचं सांगतो, ती गळली होती का ते सांगत नाही. घर विकायला काढलं की पुढच्या गिऱ्हाइकाचा वकील नेमकं तेच विचारतो. भरलेली टाकी नंतर उकरणं जास्त जिकिरीचं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: जागा मोकळी असेल तर काढाच, आणि तेही क्लोजिंगच्या, म्हणजे घर तुमच्या नावावर होण्याच्या, आधी, विकणाऱ्याच्या खर्चाने. न गळलेली टाकी काही हजार डॉलरमध्ये निघते. माती तेलाने भिजली असेल तर आकडा लाखाकडे जाऊ शकतो, आणि घराच्या नेहमीच्या विम्यात हे बहुतेकदा बसत नाही. गळती निघाली तर राज्याच्या पर्यावरण खात्याला कळवावं लागतं. सफाईनंतर खातं 'नो फर्दर अ‍ॅक्शन' पत्र देतं, म्हणजे आता पुढे काही करायचं उरलं नाही असा दाखला. ते, पर्मिट आणि मातीचे रिपोर्ट घराच्या कागदपत्रांतच ठेवा.

बेसमेंटमधली २७५ गॅलनची टाकी काढणं त्यामानाने सोपं. पण तिच्यासोबत बाहेरचा फिल पाइपही (ज्यातून तेल भरतात तो) काढायला लावा. पाइप राहिला आणि चुकीच्या पत्त्यावर तेलाचा ट्रक आला, तर शेकडो गॅलन तेल थेट तुमच्या बेसमेंटच्या फरशीवर ओतलं जाईल.